घरीसुद्धा सांगायचं नाही

शरच्चंद्र हर्ष्यांना आयुष्यात बायकोला एकच गोष्ट मनापासून सांगायची होती, आणि नेमकी तीच सांगायला त्यांना बंदी होती. एरवी सांगण्यासारखं त्यांच्याकडे फारसं काही नव्हतंच. आडनाव हर्षे असलं तरी माणूस मुळातला घुमा. भाजीत मीठ कमी पडलं तरी तसाच जेवायचा, आणि जास्त पडलं तरी तसाच. शेजारच्या बायका अमिताला म्हणायच्या, नशीबवान आहेस बाई, नवऱ्याची कटकट नाही. अमिता हसायची. कटकट करायलासुद्धा माणसाला तोंड उघडावं लागतं, हे तिने त्यांना कधी सांगितलं नाही.

गोष्ट अशी, की जबलपूरच्या राइट टाउनमध्ये मागच्या बाजूच्या तीन खोल्यांत राहणारे, स्कूटरच्या हुकाला डबा अडकवून कामावर जाणारे हे हर्षे राष्ट्राध्यक्षांच्या गाड्या करायचे. अख्खी गाडी नव्हे. दरवाजे. पण ज्या गाडीवर गोळी झाडली जाण्याची शक्यता असते, तिच्यात दरवाज्याहून महत्त्वाचं दुसरं काही नसतं, असं त्यांचं ठाम मत होतं. हे मतही त्यांनी कुणाला बोलून दाखवलं नाही.

रिछाईच्या औद्योगिक वसाहतीत, बिस्किटं आणि प्लास्टिकच्या बादल्या करणाऱ्या कारखान्यांच्या रांगेत, उंच भिंतीचं एक आवार आहे. फाटकावर कुठल्याशा इंजिनिअरिंग वर्क्सची साधी पाटी. तिथे परदेशातून लांबलचक काळ्या लिमोझिन यायच्या, ताडपत्री घालून, कंटेनरमधून. कारागीर त्या पार सांगाड्यापर्यंत सोलायचे. मग आतून पोलादी पत्रे चढायचे, जाड काचा बसायच्या. किती जाड ते इथे लिहीत नाही, उगाच हर्ष्यांची झोप उडायची. एखाद्या लहानशा देशाचा प्रमुख, ज्याचं नाव जबलपूरमध्ये दहा माणसांनाही ठाऊक नसेल, तो वर्षभराने त्या गाडीत बसून आपल्या राजधानीतून फिरायचा.

मूळ गाडीचा दरवाजा एका बोटाने लागतो. पोलाद आणि काच भरली की तोच उचलायला चार माणसं लागतात. एवढं वजन जुन्या बिजागऱ्यांना पेलत नाही. त्या हळूहळू झुकतात, दरवाजा खाली बसतो, आणि मग देशाचा प्रमुख जनतेसमोर दरवाजा ओढत उभा राहतो. तसं होऊ नये म्हणून हर्षे होते. त्यांच्या हातचा दरवाजा म्हाताऱ्या माणसालासुद्धा आतून तळहाताने ढकलता यायचा. एका बिजागरीसाठी ते चार-चार दिवस कानसत बसायचे. घाई करणाऱ्याकडे असं बघायचे, की तो आपणहून निघून जायचा.

सन दोन हजार साली ते या कंपनीत लागले, त्या आधी बसच्या बॉड्या बांधणाऱ्या एका कारखान्यात होते. पहिल्याच दिवशी सगळ्या नव्या माणसांना एका खोलीत बोलावलं. तिथे फौजेतून निवृत्त झालेले एक सुभेदार सुरक्षेचं काम पाहायचे. टेबलावर इंग्रजीतला चार पानी कागद. हर्ष्यांचं इंग्रजी नकाशावरची मापं वाचण्यापुरतं, त्यामुळे त्यांनी विचारलं, “क्या लिखा है, साब?”

सुभेदार म्हणाले, “लिखा है, मुँह बंद रखना है। बाज़ार में नहीं, यार-दोस्तों में नहीं, घर में बीवी को भी नहीं।”

म्हणताना ते मिशीतल्या मिशीत हसले. रांगेत मागे उभे असलेले बाबाराव, तेही नवेच लागलेले, हसले आणि त्यांच्यामागे सगळी रांग हसली. हर्षे हसले नाहीत. त्यांनी कागदावर सही केली, पूर्ण नावाची, आडनावाखाली रेघ ओढून.

यात त्यांच्या वडिलांचाही हात होता. वडील सरकारी दारूगोळा कारखान्यात नोकरीला. एकदा चहाच्या टपरीवर सहज बोलून गेले, की उद्या आमच्याकडून माल निघायचा आहे. ते वरपर्यंत पोचलं आणि त्यांना लेखी माफी मागावी लागली. त्यानंतर वडील घरात पेपरसुद्धा ओठ न हलवता वाचायचे. शरच्चंद्र तेव्हा नऊ वर्षांचे होते. बोलण्याने माणूस बुडतो, एवढं एक शिक्षण त्यांना घरातून फुकट मिळालं.

घरी अमिताने पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं. ती नागपूरची, बोलक्या घरातली, इथल्या मराठी शाळेत शिकवायची. मुलगी मैथिली तेव्हा पाच वर्षांची होती.

“नव्या कंपनीत काय करून राहिले तुम्ही?”

“दरवाजे.”

“कशाचे?”

“गाड्यांचे.”

“कोणत्या गाड्यांचे?”

“मोठ्या,” हर्षे म्हणाले आणि हात धुवायला उठले.

अमिताने त्याचा अर्थ ट्रक असा घेतला. शाळेत कुणी विचारलं की ती सांगायची, हे ट्रकचे दरवाजे करतात. हर्ष्यांच्या कानावर ते एकदा आलं. त्यांना फार लागलं, पण दुरुस्त कसं करणार? आपण खोटं बोललो नाही, एवढंच त्यांनी स्वतःला बजावलं. आणि मनाशी ठरवलं, की ज्या दिवशी नोकरी संपेल, कागद संपेल, त्या दिवशी अमिताला समोर बसवायचं आणि पहिल्यापासून सगळं सांगायचं. कोणत्या देशाची कोणती गाडी, कुठला दरवाजा किती वेळा उतरवला, सगळं. तो दिवस त्यांनी मनात जपून ठेवला. पुढची चोवीस वर्षं तो त्यांना पुरला.

कामात एक दिवस त्यांच्या खास वाट्याचा असायचा. कारखान्यात त्याला ‘अंधेरा’ म्हणत. सगळे दरवाजे बसून झाले, की दरवाजा आणि चौकट यांच्यामध्ये कुठे केसाएवढी फट राहिली आहे का ते बघायचं. कारण पोलाद कितीही जाड असलं, तरी गोळीला फट पुरते. मग काचांवर आतून काळं कापड लावायचं, दरवाजा बसवणाऱ्याने आत बसायचं आणि बाहेरून सगळे दरवाजे बंद करायचे. दुसरा माणूस झगझगीत दिवा घेऊन चौकटीच्या कडेकडेने फिरायचा, इंच इंच, एका जागी दहा-दहा श्वास थांबत. आतल्याने अंधारात बघायचं. कुठे उजेडाचा ठिपका दिसला, तर खडूने खूण करायची.

आत हर्षे बसायचे. बाहेर दिवा घेऊन बाबाराव. आतला आवाज बाहेर जात नाही, बाहेरचा आत येत नाही, त्यामुळे दोघे घड्याळ लावून घ्यायचे. चाळीस मिनिटं झाली की बाबाराव दरवाजा उघडणार. उन्हाळ्यात, मे महिन्यात, जबलपूरच्या त्या भट्टीत, सीट नसलेल्या गाडीच्या उघड्या तळावर मांडी घालून चाळीस मिनिटं. दुसरे फिटर अंधेऱ्याचं नाव काढलं की पोटदुखी काढायचे. हर्षे आपणहून जायचे. बाबाराव म्हणायचे, “हर्षे, तुझी समाधी लागते का रे आत?” हर्षे नुसती मान हलवायचे.

बाबाराव मोठा गमत्या माणूस. काहीही त्यांच्या पोटात ठरत नसे. त्यांची बायको विनता त्यांच्याहून सवाई. गोलबाजारच्या दत्त मंदिरात गुरुवारी ती आली की आरतीच्या आधी अर्धा तास तिच्याभोवती बायकांचा घोळका असायचा. हर्ष्यांना या जोडप्याची मनातून भीती वाटायची. अमिता गुरुवारी देवळात जाते, हे त्यांना ठाऊक होतं. पण शपथ घेतलेला माणूस ती मोडेल, हे त्यांच्या कल्पनेतच बसत नव्हतं, त्यामुळे ती भीती त्यांनी कधी पुढे नेली नाही.

सन दोन हजार नऊच्या जुलैमध्ये अमिताचे वडील नागपुरात वारले. अचानक, सकाळी दाढी करता करता. भावाचा फोन आला तेव्हा सव्वानऊ वाजले होते. अमिताने कंपनीच्या फाटकावर फोन लावला. फाटकावरचा म्हणाला, “हर्षे जी अंदर हैं, बात नहीं हो सकती।” तिने पुन्हा लावला. पुन्हा तेच. मोबाइल तर सगळ्यांचे फाटकावरच ठेवून घेत. तिसऱ्यांदा तिने निरोप तरी द्या म्हटलं. निरोप कुठल्या तरी वहीत लिहिला गेला. त्या दिवशी गाडी घेणाऱ्या देशाचे अधिकारी आले होते आणि प्रत्येक चौकट त्यांना स्वतः तपासून हवी होती. हर्षे सकाळी नऊपासून संध्याकाळी पाचपर्यंत अंधेऱ्यात होते. मध्ये फक्त पाणी प्यायला बाहेर आले, आणि वहीतल्या निरोपाची आठवण कुणाला झाली नाही.

ते घरी आले तेव्हा दाराला कुलूप होतं. शेजाऱ्यांकडून कळलं, की अमिता मैथिलीला घेऊन दुपारीच गेली. मिळेल त्या गाडीने गेली, जागा मिळाली नसेल. ते दुसऱ्या दिवशी नागपूरला पोचले, तोवर सगळं उरकलं होतं. सासऱ्यांच्या फोटोसमोर ते खाली मान घालून बसले.

जबलपूरला परत आल्यावर अमिताने विचारलं. भांडण म्हणून नव्हे. कपड्यांच्या घड्या घालत होती, तेव्हा विचारलं. “त्या दिवशी कुठे होते तुम्ही?”

हर्ष्यांच्या ओठांवर सगळं आलं. गाडीत बंद होतो, अमिता, पोलादात बंद होतो, तुझा फोन माझ्यापर्यंत पोचूच शकत नव्हता. मग कागद आठवला. सुभेदार आठवले. वडील आठवले.

“कामात होतो,” ते म्हणाले.

अमिताने घडी पुरी केली, कपाटात ठेवली आणि कपाट लावलं. त्यानंतर तिने त्यांना कामाबद्दल काही विचारलं नाही. हर्ष्यांनाही बरंच वाटलं. परीक्षा टळली, असं त्यांना वाटलं. काय बोलावं या माणसाला.

दिवस गेले. मैथिली शिकली, हैदराबादला नोकरीला लागली. फोनवर ती आईशी तासभर बोलायची, अर्धं हिंदीत, अर्धं मराठीत, आणि मग म्हणायची, “बाबांना दे.” बाबा घ्यायचे. “बरी आहेस ना?” “हो बाबा.” “चलो, ठेवतो.” एवढंच. घरात दोन माणसं राहिली. सकाळी एक आधी उठायचं, दुसरं नंतर. एकमेकांचा चहा कसा लागतो ते दोघांना पाठ होतं, त्यामुळे त्याबद्दलही बोलायची वेळ येत नसे. हर्षे आपल्या जागी एकटे होते, आणि हा एकटेपणा कामाचा भाग आहे असं त्यांनी धरून टाकलं होतं. अमिताही तिच्या जागी एकटी असेल, हा विचार त्यांना शिवला नाही. वाईट माणूस नव्हता तो. पण बारीक फट शोधण्यात ज्याची हयात गेली, त्याला घरातली एवढी मोठी दिसली नाही, याला काय म्हणायचं?

नोकरी संपायच्या साधारण वर्षभर आधी एके संध्याकाळी टीव्हीवर बातम्या लागल्या होत्या. कुठलंसं आंतरराष्ट्रीय संमेलन. एकामागून एक काळ्या गाड्या येऊन थांबत होत्या. त्यातली चौथी दिसली आणि हर्षे खुर्चीत पुढे सरकले. मागचा डावा दरवाजा उघडला. कुणी धावत येऊन ओढला नाही. आतून एका वयस्क माणसाने तळहाताने ढकलला आणि दरवाजा अलगद उघडून जिथल्या तिथे थांबला. ती बिजागरी हर्ष्यांनी सहा वेळा उतरवली होती.  त्यांनी चोरून अमिताकडे पाहिलं. ती गवार निवडत होती. रिमोट तिच्या हाताशी होता आणि तिची मालिका सुरू होऊन दहा मिनिटं झाली होती. तरी तिने चॅनेल बदललं नाही. हर्ष्यांना वाटलं, विसरली असेल.

शेवटचा दिवस ऑक्टोबरात आला. हार, शाल, नारळ, समोसे. सुभेदार केव्हाच वारले होते. बाबाराव दोन वर्षांपूर्वीच निवृत्त होऊन मुलाकडे गेले होते. आताचे व्यवस्थापक शैलेंद्र जी, चाळिशीचे, हसतमुख. हर्षे त्यांच्या खोलीत गेले, उभे राहिले आणि चोवीस वर्षं पाठ केलेला प्रश्न विचारला.

“सर, वो जो काग़ज़ साइन किया था। अब घर में बता सकता हूँ क्या?”

शैलेंद्र जींना काही कळलं नाही. “क्या बताना है?”

“यही, कि मैं क्या काम करता था।”

 शैलेंद्र जींनी फाइल मागवली, कागद काढला आणि बोट ठेवून वाचून दाखवला. पत्र्याची आणि काचेची जाडी, बनावट, गाडी कोणाची आणि कधी निघणार, हे बाहेर सांगायचं नाही. बस. तेही गाडी पोचून पाच वर्षं होईपर्यंत. तुम्ही इथे काम करता, गाड्यांचे दरवाजे बसवता, हे घरी सांगू नका असं त्या चार पानांत कुठेच नव्हतं.

“हर्षे जी, घर में बताने से किसने मना किया था?” शैलेंद्र जींनी विचारलं. मग त्यांचा चेहरा पाहून हसू आवरलं आणि म्हणाले, “बैठिए। पानी पीजिए।”

हर्षे पाणी प्यायले. सुभेदारांचं नाव त्यांनी घेतलं नाही. मेलेल्या माणसाची चुगली कशाला करायची. शिवाय सुभेदार हसले होते, हे त्यांना आता स्पष्ट आठवलं. सगळी रांग हसली होती.

ते स्कूटरवरून घरी निघाले. बड्या फुहाऱ्याच्या बाजारातल्या गर्दीत त्यांनी ती उभी केली आणि तसेच दहा मिनिटं बसून राहिले. सामान घेऊन जाणारे लोक हॉर्न वाजवून शिव्या देऊन गेले. चोवीस वर्षं. मग त्यांनी मनाला समजावलं, की उशीर झाला तो झाला, गोष्ट तर अजून शिल्लक आहे. अमिता आहे, आपण आहोत, दोघांचे कान शाबूत आहेत. आज सांगू. त्यांनी गरम खोव्याची जलेबी घेतली, जी अमिताला आवडते. म्हणजे लग्नानंतर पहिल्या वर्षी आवडायची.

घरी पोचले तेव्हा चार वाजले होते. अमिता निवृत्त झाल्यापासून दुपारी पेपरातलं कोडं सोडवत बसायची. तिने शाल-नारळ घेऊन देवापाशी ठेवला, दोन ताटल्यांत जलेबी काढली आणि समोर बसली. हर्ष्यांनी घसा साफ केला.

“अमिता, तुला एक सांगायचं आहे.”

“सांगा ना.”

आणि त्यांनी सांगितलं. सुरुवात अडखळत झाली, मग लय लागली. सुभेदार, कागद, लिमोझिन, पोलाद, बिजागऱ्या, कोणत्या देशाच्या अधिकाऱ्याने दरवाजा उघडून पाहिल्यावर त्यांचा हात हातात घेतला होता, ते. टीव्हीवरची चौथी गाडी. अंधेरा म्हणजे काय, ते. आयुष्यात ते सलग एवढं कधी बोलले नव्हते. जाडी मात्र त्यांनी आताही सांगितली नाही. अमिता ऐकत होती. ती मध्ये काही विचारत नव्हती, चकित होत नव्हती. ते बोलता बोलता तिच्याकडे बघायचे, आणि दर वेळी त्यांना वाटायचं, आता होईल, आता तिचे डोळे मोठे होतील.

बोलणं संपलं. अमिताने जलेबीचा एक तुकडा मोडला.

“विनताने जास्त रंगवून सांगितलं होतं,” ती म्हणाली.

हर्ष्यांना आधी अर्थच लागला नाही.

“मैथिली दुसरीत होती तेव्हा. दत्ताच्या देवळात. तिचा नवरा सही केली त्याच संध्याकाळपासून रोज घरी सांगत होता. दिवा धरून कसे फिरतात, तुम्ही आत कसे बसता, सगळं. मला म्हणाली, तुझे मिस्टर तर हिरो आहेत तिथले.” तिने बोटं रुमालाला पुसली. “मला फार छान वाटलं होतं. घरी आले तर वाटलं, आज सांगतील. मग वाटलं, उद्या सांगतील.”

“मग विचारलं काहून नाही तू?”

“विचारलं की. बाबा गेले तेव्हा विचारलं. तुम्ही गाडीत होते हे मला तेव्हाही ठाऊक होतं. नागपूरच्या गाडीत बसले होते तर संध्याकाळी विनताचा फोन आला होता, म्हणाली हे आत्ताच घरी आले, हर्षे भाऊ दिवसभर आत होते, त्यांना कळलंच नाही. मला तुमचा रागच नव्हता आला. फक्त वाटलं, परत गेल्यावर विचारीन आणि हे सांगतील, मग मी रडीन थोडी.” ती थांबली. “तुम्ही म्हणाले, कामात होतो. तेव्हा कळलं की यांना मला सांगायचंच नाही आहे. मग सोडून दिलं.”

“कागद होता, अमिता. मला वाटलं…”

“हो. आता समजलं मला. सांगायचं नाही असं तुम्हाला खरंच वाटत होतं. मला वाटायचं, कागद निमित्त आहे.”

तिच्या आवाजात राग नव्हता, म्हणून हर्ष्यांना जास्त भीती वाटली. रागाला काही तरी उत्तर देता आलं असतं. ती फार पूर्वीच्या कुणा ओळखीच्या बाईची हकीकत सांगावी तशी सांगत होती. टीव्हीवर गाडी दिसली तेव्हा तिने मुद्दाम चॅनेल बदललं नव्हतं, हेही तिने सांगितलं. तेव्हा सांगायचं असेल तर सांगू दे, म्हणून. पण त्या वेळी ती वाट बघत नव्हती, नुसती सवय होती, असंही म्हणाली.

हर्ष्यांपाशी आता देण्यासारखं काही उरलं नव्हतं. जपून ठेवलेली गोष्ट उघडली तर ती वीस वर्षांपूर्वीच वाटून झालेली निघाली. 

एक गोष्ट मात्र उरली होती. ती इथवर आली नाही, कारण हर्ष्यांनी ती स्वतःशीसुद्धा कधी नीट कबूल केली नव्हती. दुसरे पोटदुखी काढून पळायचे त्या अंधेऱ्यात ते आपणहून जायचे, त्याला कारण होतं. आतला आवाज बाहेर जात नाही, याची त्यांच्याइतकी खात्री जगात कुणाला नसेल. नजर चौकटीवर ठेवून, हातात खडू धरून, त्या काळोखात ते अमिताशी बोलायचे. मोठ्याने बोलायचे. आज डावा दरवाजा बसला, अमिता. मैथिलीच्या तापाची काळजी वाटते, तू जागी होतीस, मीही जागा होतो. तुझी नवी साडी चांगली दिसली, सकाळी म्हणायचं राहिलं. अमिताचे बाबा गेले त्या दिवशीही हर्षे दिवसभर तिच्याशी बोलत होते, सासरे गेले हे ठाऊक नसताना. चाळीस मिनिटं कशी गेली कळायचं नाही.

हे विनताला ठाऊक नव्हतं. बाबारावांनाही नव्हतं. हर्ष्यांनी मान वर केली आणि सांगून टाकलं.

“मी आत तुझ्याशी बोलायचो.”

अमिताचा हात थांबला. पहिल्यांदाच तिने त्यांच्याकडे नीट, चष्म्याच्या वरून पाहिलं.

“माझ्याशी?”

“हो. अंधेऱ्यात. रोजचं सगळं. चोवीस वर्षं.”

“काय बोलायचे?”

हर्ष्यांनी तोंड उघडलं. तिथे बोलणं आपोआप यायचं. इथे समोर एक बाई बसली होती, कानशिलांवर पांढरी झालेली, चष्मा नाकावर घसरलेली, अर्ध्या सुटलेल्या कोड्यावर पेन ठेवून त्यांच्याकडे बघणारी. हिला चहा किती गोड लागतो ते त्यांना ठाऊक होतं. त्यापुढचं काही ठाऊक नव्हतं. एक वाक्य आठवलं, ते मोठ्याने म्हणण्याची लाज वाटली. दुसरं आठवलं, ते फार जुनं होतं, पंधरा वर्षांपूर्वीच्या साडीबद्दलचं.

अमिता वाट पाहत होती.  बाहेरच्या रस्त्यावरून शाळेच्या ऑटो गेल्या, पोरं ओरडत गेली, पुन्हा शांत झालं. 

“बोला ना,” ती हळूच म्हणाली.

त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, पण शब्द आला नाही. अमिताने आपली ताटली त्यांच्या ताटलीवर ठेवली, दोन्ही उचलल्या आणि उभी राहिली.

“राहू द्या. अंधेऱ्यातल्या अमिताला सांगून झालं तुमचं,” ती म्हणाली. “मी तर इथे होते.”